लॅपटॉप ४०० मेगाहर्ट्झवर अडकलाय? लिनक्समधला फ्रीक्वेन्सीचा घोळ क्रमाने सोडवा

लिनक्सवर प्रोसेसरचा वेग अडकला की बहुतेक जण पहिल्या मिनिटाला गव्हर्नर (किती वेग मागायचा ते ठरवणारं धोरण) ‘परफॉर्मन्स’ करतात, दुसऱ्या मिनिटाला टीएलपी हे वीज वाचवणारं साधन टाकतात आणि तिसऱ्या मिनिटाला कुठूनतरी उचललेलं पॅरामीटर ग्रबमध्ये, म्हणजे लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चिकटवतात. संध्याकाळपर्यंत मूळ दुखणं जागच्या जागी असतं आणि त्यावर तीन नवी चढलेली असतात. मग मशीन माझ्याकडे येतं आणि माझा पहिला तास ही तीन उतरवण्यात जातो.

घोळ होतो तो क्रमाचा. प्रोसेसरचा वेग कुणी एक जण ठरवत नाही. गव्हर्नर वेग मागतो, ड्रायव्हर ती मागणी पुढे नेतो, वाटेत किमान-कमाल मर्यादा तिला कात्री लावतात, मग प्रोसेसर स्वतःची उष्णता आणि वॉट बघून ठरवतो. आणि या सगळ्यांवर पाय देऊ शकतो तो मदरबोर्ड. वरच्याने कितीही मागितलं तरी खालचा देईल तेवढंच मिळतं. म्हणून तपासणी खालून वर करायची आणि काहीही बदलायच्या आधी मोजायचं.

## तयारी

कमांड आणि फायलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे नागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाका. तिरक्या रेघा, डॅश आणि अंडरस्कोर जसेच्या तसे. ‘फ्रेक’ म्हणजे फ्रीक्वेन्सीची पहिली चार अक्षरं. स्पेलिंग अडलं तर दोन-तीन अक्षरं टाकून टॅब दाबा, नाव आपोआप पूर्ण होतं.

जवळपास सगळं काम एकाच फोल्डरात आहे:

/सिस/डिव्हायसेस/सिस्टम/सीपीयू/सीपीयू०/सीपीयूफ्रेक/

पुढे मी याला नुसतं ‘सीपीयूफ्रेक फोल्डर’ म्हणेन. प्रत्येक थ्रेडला असा वेगळा फोल्डर असतो: सीपीयू०, सीपीयू१, सीपीयू२. आतले आकडे किलोहर्ट्झमध्ये असतात. ८००००० दिसलं तर ते ८०० मेगाहर्ट्झ.

हात लावण्याआधी एवढं करा:

१. उबंटूवर लिनक्स-टूल्स-जेनेरिक, डेबियनवर लिनक्स-सीपीयूपॉवर, फेडोरावर कर्नल-टूल्स हे पॅकेज टाका. सीपीयूपॉवर (वेगाची सेटिंग बदलणारं) आणि टर्बोस्टॅट (वेग मोजणारं) ही दोन्ही साधनं त्यातून मिळतात. उबंटूवर ‘या कर्नलसाठी सीपीयूपॉवर सापडलं नाही’ असं उत्तर आलं, तर चालू कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि टूल्स यांची आवृत्ती जुळत नाही. ‘युनेम -आर’ने कर्नलचा आकडा बघून त्याच आकड्याचं लिनक्स-टूल्स टाका.

२. स्ट्रेस-एनजी (प्रोसेसरला मुद्दाम काम देणारं) आणि एलएम-सेन्सर्स (तापमान दाखवणारं) टाका.

३. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाईलची प्रत काढून ठेवा.

४. आधी केलेले सगळे उद्योग आठवून कागदावर लिहा. कुठली स्क्रिप्ट टाकली, कुठली सेवा बंद केली, बायोसमध्ये काय बदललं. ही यादी लिहायला लोक कंटाळतात, आणि उत्तर नेमकं तिच्यातच निघतं.

५. प्रोसेसरचं पूर्ण मॉडेल ‘एलएससीपीयू’ने बघा आणि त्याचा बेस वेग (नेहमीचा) व टर्बो वेग (थोड्या वेळापुरता वाढीव) उत्पादकाच्या तक्त्यातून टिपून ठेवा. उदाहरणाला मी कोअर आय५-८२५०यू घेतो, कारण हा असलेले लॅपटॉप अजून घरोघरी आहेत: चार कोर, आठ थ्रेड, बेस १.६ गिगाहर्ट्झ, टर्बो ३.४, ठरलेली वीज १५ वॉट.

थांबा: व्हर्च्युअल मशीनमध्ये काम करत असाल तर सीपीयूफ्रेक फोल्डर बहुधा नसतोच. तिथे वेग यजमान मशीनच्या हातात असतो. हा लेख त्या यजमानावर वापरा.

## टप्पा १: रिकामं आणि लोडवर, दोन्ही मोजा

‘सिस्टम मॉनिटरमध्ये कमी दिसतंय’ हे निदान नव्हे. रिकाम्या मशीनवर वेग कमीच असायला हवा. उलट दिशेनेही हीच फसगत होते. मशीन रिकामं असताना एखाद्या कोरपुढे २५०० दिसतं आणि माणूस वीज जाते म्हणून घाबरतो. तो कोर त्या सेकंदाचा बहुतांश वेळ झोपलेला असतो. दिसतो तो आकडा जागा झाला तेवढ्या क्षणांचा.

म्हणून टर्बोस्टॅट वापरा. एका टर्मिनलमध्ये:

सुडो टर्बोस्टॅट --इंटरव्हल २

दुसऱ्या टर्मिनलमध्ये, एक मिनिट तसंच बघून झाल्यावर, लोड द्या:

स्ट्रेस-एनजी --सीपीयू ८ --टाइमआउट १२०

८ हा आकडा तुमच्या थ्रेडच्या संख्येइतका. टर्बोस्टॅटमध्ये चार रकाने बघायचे: कोर किती टक्के जागा होता, जागा असताना किती मेगाहर्ट्झवर होता, पॅकेजचं तापमान आणि पॅकेजचे वॉट. लोड नसताना, लोड लागल्यावर पाचव्या सेकंदाला, साठाव्या सेकंदाला आणि शेवटी, असे चार वेळचे आकडे वहीत घ्या.

आता आकडे काय सांगतात ते वाचा.

- लोडवरही वेग ४०० ते ८०० च्या आसपास खिळलेला, तापमान ४५-५० अंश, वॉट अगदी कमी: टप्पा २ कडे. जवळजवळ नेहमी चार्जर, बॅटरी किंवा मदरबोर्ड.
- वेग बरोबर बेसवर, म्हणजे आपल्या उदाहरणात १६०० वर, थांबलेला: टर्बो बंद आहे. टप्पा ५.
- सुरुवातीला ३००० च्या वर, मग वॉट १५ च्या आसपास येऊन वेग २००० आणि काहीतरीवर स्थिर: हा दोष नाही. ३.४ हा आकडा थोड्या वेळापुरत्या कमाल वेगाचा आहे. आठही थ्रेड जुंपून दोन मिनिटं तो मागितलात तर १५ वॉटचा प्रोसेसर देणार नाही. लेख इथेच बंद करा.
- तापमान ९५-१०० पर्यंत चढून वेग बेसच्याही खाली: उष्णता. टप्पा २.
- लोड काढल्यावरही वेग वरच, पंखा सुरूच: गव्हर्नर किंवा किमान मर्यादा. टप्पा ४ आणि ५.

तपासा: मोजताना चार्जर लावलेला होता का? बॅटरीवरचे आणि चार्जरवरचे आकडे एका रकान्यात मिसळू नका.

## टप्पा २: चार्जर, बॅटरी आणि उष्णता

हा टप्पा लोक गाळतात, कारण यात टाइप करायला काही नाही.

प्रोसेसर फार तापला की ‘प्रॉकहॉट’ नावाचा इशारा देतो आणि स्वतःचा वेग पाडतो. पण बऱ्याच लॅपटॉपांमध्ये ही तार दुहेरी असते. चार्जिंगचं सर्किट, व्होल्टेज रेग्युलेटर, बॅटरी, यांपैकी कुणीही ती ओढू शकतं. ओढली की प्रोसेसर थंडगार असूनही तळाच्या वेगावर बसतो. गव्हर्नर बदला, ऑपरेटिंग सिस्टम बदला, काही फरक पडत नाही. विंडोजवरही तोच वेग दिसतो, आणि हीच त्याची सगळ्यात सोपी खूण.

शेजारच्या मुलीचा लॅपटॉप असाच आला होता. टर्मिनलमध्ये अक्षर टाइप केलं की अर्ध्या सेकंदाने उमटायचं. तिने दोनदा उबंटू नव्याने टाकून पाहिलं होतं. “काका, अजून एकदा फॉरमॅट मारू का?” मी चार्जरची पिन काढायला सांगितली आणि टॉर्च मारून आत पाहिलं. गोल पिनच्या मधोमध जी सुईसारखी बारीक काडी असते, ती एका बाजूला झोपली होती. काही लॅपटॉपांमध्ये ती काडी वीज देत नाही, चार्जरची ओळख सांगते: मी इतक्या वॉटचा आहे. ओळख पटली नाही की मदरबोर्ड सावध होतो आणि प्रोसेसरला खाली दाबतो. “पण चार्जर तर नवाच आहे,” ती म्हणाली. नवाच होता. बॅगेत वाकला होता. त्याच वॉटचा दुसरा चार्जर लावून रीस्टार्ट केलं आणि वेग तीन हजारांवर गेला.

क्रम असा ठेवा:

१. चार्जर काढा, बॅटरीवर लोड देऊन मोजा. वेग सुटला तर चार्जर किंवा त्याचं सॉकेट.

२. चार्जरवरचे वॉट वाचा. ६५ वॉट लागणाऱ्या मशीनला टाइप-सीमधून ३० वॉटचा मोबाईलचा चार्जर लावलेला असतो, हे मी महिन्यातून एकदा तरी बघतो.

३. बायोसमध्ये जाऊन चार्जर ओळखला जातोय का आणि बॅटरीची तब्येत काय म्हणते ते बघा. बऱ्याच मशीनमध्ये ही माहिती तिथे दिसते.

४. मशीन बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, मग सगळं जोडून सुरू करा. मदरबोर्डवरचा छोटा कंट्रोलर अडकला असेल तर एवढ्याने सुटतो.

५. उष्णतेसाठी ‘सेन्सर्स’ कमांड आणि इंटेलवर हा मोजणीचा फोल्डर बघा:

/सिस/डिव्हायसेस/सिस्टम/सीपीयू/सीपीयू०/थर्मल_थ्रॉटल/

आतल्या कोर आणि पॅकेजच्या ‘थ्रॉटल_काउंट’ फायली लोडच्या आधी आणि नंतर वाचा. आकडा वाढत असेल तर प्रोसेसर उष्णतेमुळे खाली येतोय. इलाज पंख्यातली धूळ, वाळलेली पेस्ट आणि गादीवर ठेवून वापरण्याची सवय, याच क्रमाने. अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी मोजलेले आकडे आणि डिसेंबरात मोजलेले आकडे सारखे येणार नाहीत, तेव्हा खोलीचं तापमानही वहीत टाका.

सावधान: प्रॉकहॉटचा इशारा प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये लिहून दाबून टाकायच्या युक्त्या फिरत असतात. मी त्या मुद्दाम देत नाही. शिट्टी दाबून धरली म्हणून कुकर थंड होत नाही. शिवाय सिक्युअर बूट (बूट होताना सही तपासणारी बायोसची सोय) चालू असेल तर बहुतेक वितरणांचं कर्नल असं लिहू देतच नाही, आणि मग लोक त्यासाठी सिक्युअर बूटही बंद करून बसतात.

पुढे जाण्याची अट: चार्जर बदलून आणि तापमान ठीक असतानाही वेग अडकलेला असेल, तरच टप्पा ३.

## टप्पा ३: ड्रायव्हर कोण आहे

‘कॅट’ कमांडने सीपीयूफ्रेक फोल्डरातली ‘स्केलिंग_ड्रायव्हर’ ही फाईल वाचा. उत्तर यांपैकी एक येईल.

‘इंटेल_पीस्टेट’: इंटेलचा स्वतःचा ड्रायव्हर, सक्रिय अवस्थेत. स्कायलेक म्हणजे २०१५ पासूनच्या प्रोसेसरवर बहुधा हाच. इथे वेगाचे बारीक निर्णय हार्डवेअर स्वतः घेतं.

‘इंटेल_सीपीयूफ्रेक’: नाव वेगळं, ड्रायव्हर तोच, पण निष्क्रिय अवस्थेत. कर्नल ५.८ पासून हार्डवेअरची ती सोय नसलेल्या जुन्या इंटेल प्रोसेसरवर हीच अवस्था आपोआप येते. हे लक्षात ठेवा, पुढच्या टप्प्यात याच्यामुळेच लोक पडतात.

‘एएमडी-पीस्टेट’ किंवा शेवटी ‘-ईपीपी’ लागलेलं तेच नाव: एएमडीच्या नव्या प्रोसेसरवर. हा ड्रायव्हर कर्नल ५.१७ मध्ये, २०२२ साली आला आणि त्यासाठी बायोसमध्ये ‘सीपीपीसी’ ही वेग-नियंत्रणाची सोय चालू लागते.

‘एसीपीआय-सीपीयूफ्रेक’: जुना, सर्वांसाठीचा. रायझनवर हा असेल तर वेगाच्या दोन-तीनच पायऱ्या दिसतात आणि कमाल आकडा टर्बोपेक्षा कमी दिसतो. तो दोष नाही, टर्बो त्याच्या वर वेगळा चालतो.

फाईलच नसेल तर बायोस उघडा. इंटेलवर स्पीडस्टेप किंवा स्पीड शिफ्ट, एएमडीवर कूल अँड क्वाएट किंवा सीपीपीसी, यांपैकी काहीतरी बंद आहे.

नवीन प्रोसेसरवर जुना ड्रायव्हर दिसला तर दोष बहुधा तुमच्याच ग्रबमध्ये आहे. ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’ करा. तिथे ‘इंटेल_पीस्टेट=डिसेबल’ सापडलं तर ते कधीकाळी कुठल्या तरी सल्ल्यावरून टाकलेलं आणि विसरलेलं असतं. काढा.

काढताना थेट फाईल बदलू नका. मशीन सुरू होताना ग्रबच्या यादीत इंग्रजी ई दाबा, ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीतून तेवढं पॅरामीटर खोडा आणि एफ१० दाबून बूट करा. हा बदल एकाच बूटपुरता असतो. मोजा. सुधारणा दिसली तरच /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब बदला आणि उबंटू-डेबियनवर ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. फेडोरावर हेच काम ‘ग्रबी’ने करा.

## टप्पा ४: गव्हर्नर, आणि ‘पॉवरसेव्ह’ या नावाचा घोटाळा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश.

‘पॉवरसेव्ह’ या एकाच नावाचे दोन गव्हर्नर आहेत आणि ते वागायला अगदी वेगळे आहेत.

इंटेल_पीस्टेटच्या सक्रिय अवस्थेत दोनच पर्याय असतात, परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह. इथला पॉवरसेव्ह म्हणजे ‘कामाप्रमाणे वर-खाली कर’. लोड आला की तो टर्बोपर्यंत जातो. लोक नाव वाचून घाबरतात आणि परफॉर्मन्स करतात. मशीन गरम होतं, बॅटरी तासभर आधी संपते आणि वेगात फरक पडतो तो नावाला.

एसीपीआय-सीपीयूफ्रेक आणि इंटेल_सीपीयूफ्रेक यांच्यावरचा पॉवरसेव्ह मात्र नावाला जागतो. तो प्रोसेसरला किमान वेगावर बांधून टाकतो, लोड कितीही येवो.

आता सापळा बघा. तिसऱ्या-चौथ्या पिढीचं इंटेल मशीन, जुनं कर्नल, सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये पॉवरसेव्ह लिहिलेलं. वर्षानुवर्षं छान चालत होतं. ऑपरेटिंग सिस्टम अपग्रेड केली, कर्नल ५.८ च्या पुढे गेलं, ड्रायव्हर निष्क्रिय अवस्थेत आला. स्क्रिप्ट तीच, शब्द तोच, अर्थ बदलला. मशीन ८०० किंवा १२०० वर खिळलं आणि दोष आला नव्या आवृत्तीवर. असं मशीन असेल तर ‘शेडयुटिल’ हा गव्हर्नर ठेवा. आधी ‘स्केलिंग_अव्हेलेबल_गव्हर्नर्स’ वाचून तो यादीत आहे ना ते बघा.

बदलायचं असं:

सुडो सीपीयूपॉवर फ्रीक्वेन्सी-सेट -जी शेडयुटिल

सीपीयूपॉवर नसेल तर:

इको शेडयुटिल | सुडो टी /सिस/डिव्हायसेस/सिस्टम/सीपीयू/सीपीयू*/सीपीयूफ्रेक/स्केलिंग_गव्हर्नर

या ओळीतल्या दोन गोष्टी लोक हमखास चुकवतात. ‘सुडो इको’ लिहून पुढे मोठेपणाचं चिन्ह देतात आणि ‘परवानगी नाही’ असं उत्तर येतं. सुडो इकोला लागू होतं; फाईल उघडण्याचं काम तुमचं शेल करतं आणि ते साध्याच युजरच्या नावाने चाललेलं असतं. म्हणून पाइप, म्हणजे मधली उभी रेघ, आणि टी (टी-ई-ई) ही कमांड. दुसरी चूक म्हणजे ताऱ्याऐवजी सीपीयू० लिहिणं. एक थ्रेड बदलतो, उरलेले सात जुन्याच चालीने चालतात, आणि मोजलेले आकडे कशाशीच जुळत नाहीत.

इंटेलच्या सक्रिय अवस्थेत खरी पट्टी, म्हणजे वेगाकडे झुकायचं की बचतीकडे ते ठरवणारी, वेगळ्याच फाईलमध्ये आहे: ‘एनर्जी_परफॉर्मन्स_प्रेफरन्स’. मशीन सुस्त वाटत असेल आणि तिथे ‘पॉवर’ दिसत असेल तर ‘बॅलन्स_परफॉर्मन्स’ लिहून बघा. लिहिताना ‘डिव्हाइस बिझी’ असं उत्तर आलं तर गव्हर्नर परफॉर्मन्सवर आहे. आधी तो पॉवरसेव्हवर आणा, मग पट्टी हलते.

तपासा: बदल केल्यावर फाईल पुन्हा वाचा, मग टप्पा १ चा लोड पुन्हा द्या. फाईलमध्ये शब्द बदलला म्हणजे वेग बदलला असं नाही.

## टप्पा ५: मर्यादा आणि टर्बो

‘स्केलिंग_मॅक्स_फ्रेक’ आणि ‘सीपीयूइन्फो_मॅक्स_फ्रेक’ शेजारी शेजारी वाचा. पहिला लहान असेल तर कुणीतरी छत खाली आणलंय. तो दुसऱ्याइतका करा. किमान आणि कमाल दोन्ही वाढवायचे असतील तर आधी कमाल, मग किमान.

इंटेलवर हा फोल्डरही बघा:

/सिस/डिव्हायसेस/सिस्टम/सीपीयू/इंटेल_पीस्टेट/

यात ‘मॅक्स_पर्फ_पीसीटी’ १०० असावं आणि ‘नो_टर्बो’ ० असावं. नावातच नकार असल्यामुळे इथे ० म्हणजे टर्बो चालू. लोक टर्बो सुरू करायला १ लिहितात आणि उरलासुरला टर्बोही बंद करून बसतात. ० लिहिताना परवानगी नाकारली गेली, तीही सुडो असताना, तर टर्बो बायोसमध्येच बंद आहे. बायोसमध्ये जाऊन चालू करा, इथे डोकं आपटू नका.

एसीपीआय-सीपीयूफ्रेकवर याच्या उलट, सीपीयूच्या मुख्य फोल्डरातल्या ‘सीपीयूफ्रेक/बूस्ट’ फाईलमध्ये १ म्हणजे चालू. त्याच ड्रायव्हरवर ‘बायोस_लिमिट’ नावाची फाईल असेल आणि तिच्यातला आकडा कमालपेक्षा कमी असेल, तर छत बायोसने लावलंय. पुन्हा टप्पा २ मधला चार्जर आठवा.

## टप्पा ६: एका मशीनवर दोन मालक

तुम्ही गव्हर्नर बदलता, पाच मिनिटांनी तो परत जुना. चार्जर काढला की बदललेला, लावला की पुन्हा बदललेला. म्हणजे मागे कुणीतरी लिहितंय.

पॉवर-प्रोफाइल्स-डीमन, टीएलपी, ट्यून्ड, ऑटो-सीपीयूफ्रेक, या सगळ्या वेग आणि वीज सांभाळणाऱ्या सेवा: यांपैकी एकच चालू असावा. फेडोराने ४१ व्या आवृत्तीपासून पॉवर-प्रोफाइल्सच्या जागी ट्यून्ड आणलंय, त्यामुळे तिथे आणखी टीएलपी टाकलंत तर झुंज लागणारच. एकेकाचं नाव घेऊन विचारा:

सिस्टमसीटीएल स्टेटस टीएलपी

नुसती चालू सेवांची यादी काढू नका. टीएलपी एकदा काम करून बाजूला होतं, त्याच्यापुढे ‘अ‍ॅक्टिव्ह’ आणि कंसात ‘एक्झिटेड’ असं दिसतं. चालू सेवांच्या यादीत ते येतच नाही आणि माणूस समजतो की ते नाहीच.

कुणाला ठेवायचं? गनोम किंवा केडीई वापरत असाल आणि बॅटरीचं फार बारीक नियंत्रण नको असेल, तर पॉवर-प्रोफाइल्स किंवा ट्यून्ड, जे वितरणाने दिलंय ते. माझं मत विचाराल तर दहापैकी आठ जणांना टीएलपीची गरज नसते. ते टाकतात कारण कुणीतरी टाकायला सांगितलं. टीएलपी ठेवायचंच असेल तर दुसऱ्याला नुसतं डिसेबल करू नका. पॉवर-प्रोफाइल्स-डीमन कुणी हाक मारली की डिसेबल असूनही उठून येतं. मास्क करा:

सुडो सिस्टमसीटीएल मास्क --नाऊ पॉवर-प्रोफाइल्स-डीमन

थर्मलडी मात्र या भांडणात धरू नका. ते इंटेल लॅपटॉपची उष्णता सांभाळतं. ‘हे बंद केल्यावर वेग वाढला’ म्हणणाऱ्याचा पंखा दोन महिन्यांनी विचारा.

आता प्रोफाइल बघा. ‘पॉवरप्रोफाइल्ससीटीएल गेट’ने चालू प्रोफाइल कळतं. बॅटरी कमी झाली की गनोम आपोआप पॉवर-सेव्हरवर जातं, आणि बऱ्याच ‘कधीकधी मशीन मंद होतं’ तक्रारी इथेच मिटतात. काही लॅपटॉपांवर एफएन आणि एखादं अक्षर चुकून दाबलं गेलं की मशीन शांत अवस्थेत जातं. ते /सिस/फर्मवेअर/एसीपीआय/प्लॅटफॉर्म_प्रोफाइल या फाईलमध्ये दिसतं. तिथे ‘लो-पॉवर’ किंवा ‘क्वाएट’ असेल तर सापडला चोर.

तपासा: एक मालक ठेवल्यावर चार्जर तीनदा काढा-लावा आणि प्रत्येक वेळी स्केलिंग_गव्हर्नर वाचा. बदल झालाच तर तो ठेवलेल्या मालकाच्या सेटिंगप्रमाणेच व्हायला हवा.

## टप्पा ७: बदल टिकवणं

सिस फोल्डरात लिहिलेलं काहीही रीस्टार्टनंतर उरत नाही. ते डिस्कवर नसतंच, कर्नलच्या स्मृतीत असतं.

टिकवायचं ते मालकाकडूनच. टीएलपी ठेवलं असेल तर /ईटीसी/टीएलपी.डी/ मध्ये स्वतःची छोटी फाईल करून त्यात लिहा. मुख्य फाईल तशीच राहू द्या, म्हणजे अपडेटच्या वेळी गोंधळ होत नाही. पॉवर-प्रोफाइल्स असेल तर प्रोफाइल निवडा, झालं. कुठलाच मालक नको असेल तर /ईटीसी/टीएमपीफाइल्स.डी/ मध्ये ‘.कॉन्फ’ने संपणारी एक फाईल करा आणि एक ओळ लिहा: सुरुवातीला इंग्रजी छोटं डब्ल्यू, मग ताऱ्यासकट गव्हर्नरचा पूर्ण मार्ग, मग मोकळी जागा सोडत चार डॅश, शेवटी गव्हर्नरचं नाव. प्रत्येक बूटला सिस्टमडी (सेवा सुरू करणारा लिनक्सचा भाग) ते लिहून टाकतं.

क्रॉन (ठरल्या वेळी कमांड चालवणारं) किंवा आरसी.लोकल (सुरुवातीला चालणारी स्क्रिप्ट) यांत जुनी ओळ राहिली असेल तर आता काढा. तयारीतली ती कागदावरची यादी इथे कामाला येते.

## टप्पा ८: चार परिस्थितींत शेवटची मोजणी

टप्पा १ ची मोजणी चार वेळा करा: पूर्ण बंद करून सुरू केल्यावर, चार्जर काढून, झोपवून उठवल्यावर आणि दहा मिनिटं सलग लोड देऊन.

तिसरी मोजणी बहुतेक जण विसरतात. झाकण मिटून उघडल्यावरच अडकणारी मशीन असतात. रीस्टार्ट केलं की ती सुटतात, म्हणून दोष कधी सापडत नाही. तसं असेल तर झोपेतून उठवल्यावर चार्जर एकदा काढून लावा. एवढ्याने वेग सुटला तर कंट्रोलरचा घोळ आहे आणि त्यावर इलाज बायोसचं अपडेट. नाही सुटला तर उठल्यानंतर लगेच ‘डीमेसेज’ कमांडने कर्नलच्या नोंदी वाचा. शेवटच्या वीस-तीस ओळींत प्रोसेसर किंवा एसीपीआय (बायोस आणि कर्नल यांच्यातला वीज-व्यवस्थापनाचा दुवा) याबद्दलची तक्रार असेल तर ती जशीच्या तशी उतरवून घ्या, शेजारी कर्नल आणि बायोसची आवृत्ती लिहा, आणि ग्रबच्या यादीतून जुन्या कर्नलने बूट करून तीच मोजणी पुन्हा घ्या. जुन्यावर नीट आणि नव्यावर अडकतंय, असं निघालं तर सेटिंगशी झटापट थांबवा. जुन्या कर्नलवर काम सुरू ठेवा आणि ते उतरवलेलं टिपण वितरणाच्या बग नोंदवहीत टाका.